बाही नंबर आठ

आमच्या दिरांना दूध उतू जाताना दिसलं, तरी ते हाक मारत नाहीत. मी फोनवर धाकट्या बहिणीशी बोलत असले, तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, एक बोट वर करतात आणि माझं बोलणं संपायची वाट बघतात. माझं आणि बहिणीचं बोलणं किती चालतं, ते साऱ्या घराला ठाऊक आहे. तोवर दूध पातेल्यातून शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर. मी फोन ठेवला की ते हळूच म्हणतात, "वहिनी, दूध." असं तीनदा झाल्यावर मी त्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगायचं बंद केलं.

माझ्या नवऱ्याचे हे सख्खे धाकटे भाऊ. वय पन्नासला टेकलेलं, लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहतात आणि तिथेच काम करतात. खोलीत एक पलंग, तीन कॉम्प्युटर आणि खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडलेले चहाचे मग. ज्या कंपनीकडून त्यांना पगार मिळतो ती वर्षाला एक मग पाठवते. सध्या अकरा आहेत, त्यातल्या एकाचा कान मी तोडला.

काम काय करतात, हे सांगताना मी इतकी वर्षं अडखळत आले. कॉम्प्युटरच्या अगदी आत एक मुख्य कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फायली आपल्याच घरातल्या असल्यासारख्या दाखवायच्या, तर त्या कारभाऱ्याला एक हस्तक लागतो. तो हस्तक म्हणजे ड्रायव्हर. जगभरातले पाचपन्नास लोक मिळून हा ड्रायव्हर लिहितात, दुरुस्त करतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. आमचे दीर त्यांच्यातले एक. एका नव्या शेजारणीने सासूबाईंना विचारलं, धाकटा काय करतो? सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, ड्रायव्हरचं काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण दोन बॅगा घेऊन दारात, स्टेशनवर सोडता का म्हणून. दिरांना गाडी चालवता येत नाही. पण आता एवढ्या आशेने आलेल्या बाईचं मन कुठे मोडायचं, म्हणून त्यांनी बॅगा उचलल्या आणि तिच्याबरोबर बसने स्टेशनपर्यंत जाऊन आले.

या कामात ते पडले तेही असेच. आधी एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीच्या किल्ल्या सांभाळायला होते. दिवसभर दुसरं काम नसायचं, म्हणून आतला कारभार वाचू लागले. वाचता वाचता एक चूक सापडली, ती दुरुस्त करून त्यांनी दूरदेशीच्या त्या मंडळींना पाठवली. ती चौदा महिने तशीच पडून राहिली. आठवण का केली नाही, असं नवऱ्याने विचारलं, तर म्हणाले, समोरचा माणूस कामात असेल. शेवटी त्या माणसालाच लाज वाटली आणि त्याने दुरुस्ती घेतली. तेव्हापासून गेली वीस वर्षं ते यातच आहेत.

आता माझ्याविषयी, कारण माझ्यावर प्रसंग आला नसता तर ही गोष्ट झालीच नसती. मी शर्टांच्या कारखान्यात पॅटर्न करते. कापडाचा कुठला तुकडा कुठल्या आकारात कापायचा, कॉलर केवढी, बाही केवढी, शिलाईला किती जागा सोडायची, हे सगळं आखणं माझ्याकडे. बावीस वर्षं झाली. पूर्वी पुठ्ठ्यावर आखायचे, आता कॉम्प्युटरवर. माझं टेबल वरच्या मजल्यावर आणि कापणारं मशीन तळमजल्यावर. मी वर फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची, खाली मशीनच्या कॉम्प्युटरने ती उचलायची.

माझा एक नियम आहे, पुठ्ठ्याच्या काळापासूनचा. जुन्या पॅटर्नवर नवा कधी चढवायचा नाही. गिऱ्हाइकाचा काय भरवसा, आज म्हणेल बाही लांब करा, उद्या म्हणेल पूर्वीचीच बरी होती. म्हणून बदल केला की पुढचा नंबर द्यायचा. बाही सहा, बाही सात, बाही आठ. जो नंबर सगळ्यात मोठा तो खरा. दोन महिन्यांपूर्वी नवीन मशीन आलं, तेव्हा त्यालाही हाच नियम शिकवला. यादीतला सगळ्यात मोठा नंबर ते आपणहून घेतं.

त्या मंगळवारी गिऱ्हाइकाने बाही दोन बोटं वाढवायला सांगितली. मी बाही आठ तयार केली, अकरा वाजून दहा मिनिटांनी फोल्डरमध्ये ठेवली आणि खाली कटिंग मास्तरांना फोन करून नवी बाही ठेवली एवढंच कळवलं, नंबर काही सांगितला नाही. ते बरं म्हणाले. बारा वाजता त्यांनी मशीन चालू केलं, आणि मशीनने चारशे बारा शर्टांच्या बाह्या कापल्या. सातच्या मापाने.

शिवणाऱ्या बायकांच्या लक्षात यायला तीन वाजले. मग खाली जो गलका झाला तो माझ्या टेबलापर्यंत आला. मी आठ नंबर उघडून बघितला. बाही बरोबर होती, दोन बोटं वाढवलेली. हुश्श केलं आणि फाइल बंद केली. बंद करताना, बावीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला आणि सेव्ह दाबलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. फाइलवरची वेळ बदलून तीन वाजून वीस मिनिटं झाली.

आमचे मालक मनाने वाईट नाहीत, पण बोलायला लागले की त्यांना ब्रेक नाही. त्यांनी मला आणि कटिंग मास्तरांना समोर उभं केलं. मास्तर म्हणाले, माझ्या यादीत शेवटचा नंबर सातच होता, मी या डोळ्यांनी बघितलं. मास्तर खोटं बोलणारे नाहीत, हे मलाही माहीत होतं. मालकांनी फाइलवरची वेळ बघितली. कापड बारा वाजता कापलं आणि फाइल तीन वीसची. बाईंनी विसरून गेल्यावर मागाहून ठेवली, असं कुणाच्याही मनात येईल. मी वही दाखवली. प्रत्येक फाइल किती वाजता ठेवली हे मी वहीत लिहिते, त्यात अकरा दहा लिहिलेलं होतं. मालक म्हणाले, वही काय बाई, तुमच्याच हातची.

मग पाऊण तास बोलले. त्यातलं मला लागलं ते एवढंच. त्यांच्या भाचीने पॅटर्नचा कोर्स केलेला आहे, शनिवारी ते नक्की काय ते सांगतील, पण बहुधा सोमवारपासून माझं टेबल तिच्याकडे जाईल आणि मी तळमजल्यावर कॉलर तपासायला बसेन. पगार तोच राहील, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पगाराचं कुणाला पडलं होतं? बावीस वर्षांत माझी फाइल उशिरा आली असं कुणी म्हटलं नव्हतं. आता साऱ्या कारखान्यासमोर मी विसराळू ठरले होते, वर लपवाछपवी करणारीही.

संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. नवरा चिडला, आत्ता जाऊन मालकाला विचारतो म्हणाला. तो घरात फार शूर आहे. दीर मान खाली घालून जेवत होते. त्यांचं पान संपलं, माझं बोलणं संपलं, नवऱ्याचं चिडणं संपलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, खालच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर सकाळपासून उघडंच असतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझी अब्रू जायची वेळ आणि यांना फोल्डरची पडली आहे. उघडं असतं की मिटलेलं ते त्या फोल्डरलाच जाऊन विचारा, असं मी बोलून गेले. ते "बरं" म्हणाले, ताट उचलून ठेवलं आणि वर गेले.

बुधवारी त्यांनी माझी वही मागून घेतली. गुरुवारी मी कामावरून आले, तर ते जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते आणि शेजारी एक कागद होता. दोन महिन्यांतली एकूण एक फाइल त्यांनी त्यावर उतरवली होती. सकाळी नऊच्या आत ठेवलेल्या फायली एका बाजूला, नंतरच्या दुसऱ्या बाजूला. मला म्हणाले, आठवून सांगा, यातली कुठली खाली दिसायला अडचण आली होती? मला तीन आठवल्या. एक खिसा, एक पाठ आणि एक कफ. तेव्हा मास्तरांनी फोनवर सांगितलं होतं की दिसत नाही, मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि ती दिसली. कॉम्प्युटर म्हटला की एवढं चालायचंच, म्हणून आम्ही दोघांनीही सोडून दिलं होतं. त्या तिन्ही फायली दुसऱ्या बाजूला होत्या, आणि त्या बाजूला बाही आठखेरीज आणखी काही नव्हतं.

"म्हणजे सकाळी मशीन चालू करायच्या आधी ठेवलेलं सगळं दिसतं," दीर म्हणाले, "आणि नंतरचं दिसत नाही. तुमच्या वहीत हे दोन महिने लिहिलेलं आहे, वहिनी."

मग त्यांनी मला आणि नवऱ्याला कामाला लावलं. म्हणाले, कागदावर मला दिसतं, पण माणसं हलताना बघितली की नीट दिसेल. नवरा झाला खालचा कॉम्प्युटर. त्याच्या हातात एक यादी दिली, स्वयंपाकघरातल्या फडताळात काय काय आहे त्याची. दीर समजावून सांगू लागले. दर वेळी लांबच्या कॉम्प्युटरला तुझ्याकडे काय काय आहे असं विचारत बसलं तर वेळ जातो, म्हणून ड्रायव्हर एकदा विचारून यादी जवळ ठेवतो. लांब काही बदललं की तिकडून निरोप येतो, तुझी यादी शिळी झाली, टाकून दे. मी झाले ती लांबची बाजू. मी फडताळात एक नवीन बरणी ठेवायची, आणि दिरांनी तो निरोप नवऱ्याला द्यायचा.

नवरा यादी मोठ्याने वाचू लागला. साखर, मीठ, मिरी. मी बरणी ठेवली. दीर नवऱ्यापाशी गेले आणि उभे राहिले. नवऱ्याचं वाचून व्हायचं होतं. निम्म्यावर आल्यावर त्याला चहाची आठवण झाली, त्याने यादी हातात तशीच धरून कप उचलला आणि निवांत घोट घेऊ लागला. दीर उभेच. एक बोट वर.

"अरे, काय पाहिजे तुला?" नवऱ्याने विचारलं.

मी त्या बोटाकडे बघत होते. फडताळातली बरणी माझ्या समोर होती, नवऱ्याच्या हातात जुनी यादी होती, आणि ज्याला निरोप द्यायचा तो समोरच्याचं वाचून होण्याची वाट बघत ताटकळला होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"भावजी," मी म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?"

त्यांनी बोट खाली घेतलं. बघतो म्हणाले. त्यांच्या त्या धंद्यात प्रत्येक ओळीची नोंद असते, कुणी लिहिली आणि कधी लिहिली. त्यांनी कॉम्प्युटर ओढला, चार अक्षरं टाइप केली आणि आलेली नोंद वाचली. त्यांचे कान लाल झाले. शेवटी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ओळी सहा वर्षांपूर्वीच्या होत्या आणि पुढे नाव त्यांचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खरं तर नाव शोधायची गरजच नव्हती. समोरच्याच्या हातातला कागद काढून घेणं बरं दिसत नाही म्हणून निरोपच न देणारं माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि त्याला मी रोज चहा देते.

त्यांनी खुलासा केला, सबब म्हणून नव्हे. सहा वर्षांपूर्वी उलटीच चूक होती. कुणी यादी वाचत असताना निरोप आला की यादी हातातून ओढून घेतली जायची आणि कॉम्प्युटर कोलमडायचा. म्हणून त्यांनी लिहिलं, वाचणाऱ्याचं होऊ द्या, मग टाका. सगळ्यांनी वाहवा केली. सकाळी यादी हातात घेतलेला प्रोग्रॅम ती संध्याकाळपर्यंत सोडणारच नाही, दर वेळी तीच पहिल्यापासून वाचेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतके दिवस हा भाग मुद्दाम चालू करावा लागायचा, यंदापासून तो सगळीकडे आपोआप चालू होऊन येतो. कारखान्यात दोन महिन्यांपूर्वी आलेला कॉम्प्युटर यंदाचाच.

"चूक माझी आहे, वहिनी," ते म्हणाले.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला राग आला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? दोन दिवस मी तोंड लपवून कारखान्यात जात होते, आणि ज्याच्यामुळे जात होते तो रोज माझ्याच घरात मान खाली घालून जेवत होता. मी म्हणाले, मला सांगून काय उपयोग, मालकांना सांगा. हे मी रागाने बोलले होते. जो माणूस बसमध्ये आपला थांबा आला तरी पुढच्याला सरका म्हणत नाही आणि दोन थांबे पुढे जाऊन चालत परत येतो, तो आमच्या मालकांसमोर काय बोलणार?

"सांगतो," ते म्हणाले.

शुक्रवारी ते खोलीतून फक्त जेवायला खाली आले. सहा वर्षांच्या चुकीला अकरा ओळींची दुरुस्ती लागली. निरोप आला की यादीवर शिळी म्हणून शिक्का मारायचा. जो वाचतो आहे त्याला हातातलं पूर्ण करू द्यायचं, पण तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला की त्याला ताजी यादी द्यायची. माझा राग अजून गेला नव्हता, तरी मी म्हणाले की हे तर पहिल्यांदाच सुचायला हवं होतं. त्यांनी मान डोलावली.

शनिवारी ते माझ्याबरोबर कारखान्यात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. तो आमच्याच कारखान्यातला होता. मालकांच्या खोलीत मी, मास्तर, दीर आणि कोपऱ्यात भाची. मालकांनी सुरुवात केली ती थेट टेबलापासून. टेबल खिडकीशी न्यावं की आहे तिथेच असावं, उजेड डावीकडून यावा की उजवीकडून, भाचीला खुर्ची कोणती द्यावी. मी दिरांकडे बघितलं. बोट वर गेलेलं होतं. मालकांना ते दिसलं नाही. मालक खुर्चीवरून कॉलर तपासण्याच्या जागेवर आले, तिथे पंखा आहे म्हणाले, आणि माझ्या मनाने घेतलं की संपलं सगळं. आता हे बोट संध्याकाळपर्यंत असंच राहणार आणि सोमवारी मी पंख्याखाली.

"थांबा," दीर म्हणाले.

मालकांचं वाक्य अर्ध्यावर होतं. आवाज काही मोठा नव्हता, पण त्या खोलीत मालकांना मध्येच कुणी थांबवल्याचं मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मालक थांबले, बहुतेक नुसत्या आश्चर्याने. दिरांनी बोट खाली घेतलं. ते म्हणाले, "फाइल वेळेवर होती. खालची यादी जुनी होती. ती यादी जुनीच ठेवणारा भाग मी लिहिलेला आहे. वहिनींची चूक नाही, मास्तरांचीही नाही. दाखवतो."

मग ते सरळ जिना उतरायला लागले आणि बाकीच्यांना मागून जावंच लागलं.

मास्तरांच्या पडद्यावर यादी सकाळपासून उघडी होती, शेवटचा नंबर आठ. दिरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा वर गेले, मालक स्वतः माझ्याबरोबर आले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मी बाही नऊ ठेवली. दहा वाजून चाळीस मिनिटं. त्यांनी घड्याळ बघितलं, पडदा बघितला, माझ्या वहीत स्वतःच्या हाताने वेळ लिहिली. खाली आलो. यादीत शेवटी आठ. मालकांनी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं, मग पडद्यावर बोट फिरवलं, खाली कुठे नऊ चिकटला आहे का ते बघायला. मास्तर मान वळवून भिंतीकडे बघू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्याही डोळ्यांवर चार दिवस कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दिरांनी दुरुस्त केलेला ड्रायव्हर त्या कॉम्प्युटरवर चढवला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. यादीत नऊ आली. मी वर जाऊन दहा ठेवली. खाली येते तो मास्तर जिन्याच्या पायरीशी उभे, हाताची दहाही बोटं पसरून. मालकांनी दहाची वेळही वहीत स्वतःच लिहिली. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, मला थोडी काळजीच वाटली.

मग ते म्हणाले की बाईंनी सोमवारी आपल्या टेबलावर यावं, भाची त्यांच्या हाताखाली शिकेल. दिरांना त्यांनी विचारलं की मग आता या चारशे बारा शर्टांचं खापर फोडायचं कुणाच्या माथ्यावर? दीर म्हणाले, माझ्या. शेवटी त्या बाह्या कोपरावर कापून अर्ध्या केल्या आणि गिऱ्हाइकाने उन्हाळ्याचे शर्ट म्हणून आनंदाने घेतले.

इथे माझ्यापुरती गोष्ट संपली होती. माझा राग जिना उतरतानाच कुठेतरी गळून पडला होता. पण रविवारी दीर पुन्हा खाली आले, हातात कॉम्प्युटर घेऊन. दुरुस्ती आता त्या जगभरच्या मंडळींना पाठवायची होती, आणि त्यांच्यात एक रीत आहे. प्रत्येक दुरुस्तीखाली लिहायचं की ही कुणाची कुठली जुनी चूक सुधारते, ती कुणाला सापडली आणि कुणी तपासून बघितली. एकदा लिहिलं की ते कायमचं, पुढे कुणालाही पुसता येत नाही. सापडली तिथे माझं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले मला काय कळतं त्यातलं, तर म्हणाले, वही तुमची होती. तपासणाऱ्याच्या जागी मास्तरांचं नाव घातलं. आणि सगळ्यात वर, ही चूक कुणाच्या हातची, त्या ओळीत स्वतःची सहा वर्षांपूर्वीची नोंद.

मंगळवारी उत्तर आलं. या भागाचे जे मुख्य राखणदार आहेत, कुठल्या देशात राहतात कोण जाणे, त्यांनी दुरुस्ती चांगली आहे म्हणून कळवलं. मात्र एक सुचवलं. तो जुना भाग आता दुसऱ्या फाइलीत गेला आहे, मधल्या काळात आणखी दोघांचे हात त्याला लागले आहेत, तेव्हा चुकीचं मूळ दाखवणारी वरची ओळ असलीच पाहिजे असं नाही. ती काढून टाकली तरी आपण दुरुस्ती घेऊ, असं त्यांनी लिहिलं, इतक्या वर्षांच्या माणसाच्या नावापुढे कशाला ते. माणूस भला वाटला.

मी दिरांना म्हणाले, ते म्हणतात तर काढा. माझं टेबल मला मिळालं, शर्ट खपले, आता कुणाचं काय अडलंय? उद्या तुमच्या कंपनीतलं कुणी वाचेल, नसती कटकट. ते माझं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला मराठीत सांगितलं.

"ओळ राहू द्या. ही चूक चार दिवस माझ्या वहिनींच्या नावावर होती, आता ती ज्याची आहे त्याच्या नावावर असू द्या."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी या माणसाची चेष्टा करत आले होते, आणि माझ्या नावाची एवढी काळजी माझ्या सख्ख्या भावानेही कधी केली नव्हती. त्यांनी विचारलं, "पाठवू का?"

"पाठवा, भावजी," मी म्हणाले.